आत्याचे वीस सेंटीमीटर

बारीक काम करायचं असलं की बाकीची माणसं चष्मा शोधतात. माझी आत्या चष्मा काढते, घडी घालून कात्रीशेजारी ठेवते आणि कापड नाकापासून वीतभर अंतरावर धरते, जरासं डावीकडे. मग दोन तास तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

ती रफू करते. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत खिडकीला लागून तिचं टेबल आहे. पुढच्या भागात इस्त्रीची वाफ आणि गिऱ्हाइकांची घाई, मागे आत्या. खिळ्यात अडकून फाटलेली बाही, कसरीने खाल्लेली कॉलर, सिगारेटने पाडलेलं भोक, असं सगळं तिच्याकडे येतं. ती बाहेरून धागा आणत नाही. शिंपी शिवणीच्या आत जी जास्तीची पट्टी सोडतो, जिला माया म्हणतात, तिच्यातून ती धागे ओढून काढते. मग भोकाभोवतीची वीण मोजते, दोन वर दोन खाली आहे की तीन वर एक खाली, आणि एकेक धागा तसाच आत घालत जाते. नखाएवढ्या भोकाला दोन तास लागतात. काम झाल्यावर भोक कुठे होतं ते तिला स्वतःलाही शोधावं लागतं.

शाळेत तिला फळा दिसायचा नाही म्हणून पहिल्या बाकावर बसवायचे, आणि तिथूनही तो दिसायचा नाही. लग्न ठरवताना पाठवलेल्या फोटोत तिने चष्मा काढला होता. काकांनी तिला पहिल्यांदा चष्म्यात बघितलं तेव्हा त्यांना वाटलं, ही थोरली बहीण असणार. हे तीच सांगते आणि तीच हसते. काका गेले तेव्हा ताई, म्हणजे तिची मुलगी, सहा वर्षांची होती. आत्या याच लॉन्ड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या लावायच्या कामाला लागली. मागच्या खोलीत तेव्हा एक म्हातारे रफूगार बसायचे. चिठ्ठीवरचा आकडा वाचायला ही बाई चष्मा कपाळावर ढकलते आणि कपडा तोंडापाशी नेते, हे त्यांच्या नजरेत भरलं. त्यांनी तिच्या हातात एक कोट दिला आणि विचारलं, "यात मी कुठे काम केलंय, सांग." तिने अर्ध्या मिनिटात बोट ठेवलं. म्हातारेबुवा खूश झाले की नाराज, हे तिला आजही ठरवता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची त्यांच्या शेजारी आली होती. त्याला आता चौतीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी कापड तिच्या नाकाला टेकायला लागलं. आधी तिने खिडकीची काच पुसली. मग बल्ब बदलायला लावला. मग लॉन्ड्रीवाल्यांना म्हणाली की हल्लीचं कापडच वाईट येतं, वीण कशी ती दिसत नाही. शेवटी एका वकिलांचा काळा कोट आला. रफू होऊन, इस्त्री होऊन, पिशवीत घालून तो काउंटरवर गेला. आत्या चहाचा कप ठेवायला पुढे आली होती. तिने पिशवीत हात घालून कोटावरून सहज बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा परत द्या."

"अहो बाई, गिऱ्हाईक दारात उभं आहे," लॉन्ड्रीवाले म्हणाले.

"उभं राहू द्या. एक धागा चुकलाय."

त्यांनी कोट उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. "मला तर काही दिसत नाही."

"मलाही दिसत नाही. तोच घोळ आहे."

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, उजव्यात जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की त्यामुळेच नंबर उणे सहावरून उणे आठवर गेलाय आणि आता नुसता चष्मा बदलून भागणार नाही. ऑपरेशन करायला हवं, आणि फार न थांबता.

इथून माझा भाग सुरू होतो. मोजमापाची उपकरणं तपासायच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. दिवसभर वजनकाटे आणि दाबमापकं बरोबर बोलतात की खोटं, ते बघायचं. त्यामुळे ताईने फोन करून, "तू जरा हे सगळं नीट मांडून दे रे, माझं डोकं गरगरतंय," म्हटल्यावर मला आनंदच झाला. मी तक्ता केला. पैशांचं माप म्हणून आत्याची एका महिन्याची कमाई धरली, म्हणजे कुठला आकडा किती जड आहे ते तिला लगेच कळावं. सरकारी दवाखान्यात खर्च शून्य, पण नंबर लागायला सोळा महिने. इथल्या खासगी दवाखान्यात दोन्ही डोळ्यांना एकवीस महिन्यांची कमाई. आणि विमानाने चार तासांवरच्या एका देशात, जिथे लोक हल्ली दात आणि डोळे करून घ्यायला जातात, तिथे तिकिटं, सात रात्रींचं राहणं, दोन्ही डोळे आणि भारीतली लेन्स धरून नऊ महिने.

तक्त्यात चौदा रकाने होते. सर्जनने वर्षाला किती ऑपरेशनं केली, लेन्स कुठल्या प्रकारची, जंतुसंसर्गाचं प्रमाण, भाषेची अडचण, हॉटेल ते दवाखाना अंतर. एका रविवारी मी तो छापून आत्याकडे नेला. ताई आधीच येऊन बसली होती.

आत्याने कागद नाकाशी धरला आणि ओळीने वाचला. तिला मजा येत होती. परदेशी जायचं म्हटल्यावर ती घाबरेल असं आम्हाला वाटलं होतं. पण नवीन प्रकारची वीण हातात आल्यावर ती जशी उलटीसुलटी करून बघते, तसंच तिने याचं केलं.

"सात रात्रींत दोन्ही डोळे. मग मधल्या दिवसांत मी बघणार कशाने?"

"एक झाला की दोन दिवसांनी दुसरा," मी म्हणालो. "पट्टी तर दुसऱ्याच दिवशी काढतात."

"आणि परत आल्यावर लाल झाला तर? फोनच्या कॅमेऱ्याला दाखवायचा?"

"आई, इथल्या डॉक्टरबाई आहेत ना," ताई म्हणाली.

"त्यांना विचारलंस? माझ्याकडे दुसऱ्याने केलेलं रफू सुधारायला आणतात तेव्हा मी काय तोंड करते, बघितलंयस ना?"

विचारलं नव्हतं. मी रकाना वाढवला.

"आणि माझे घरी बसलेले दिवस कुठे लिहिलेत, इंजिनियरसाहेब?"

तेही लिहिले नव्हते. सोळा रकाने झाले.

सोमवारी मी डॉक्टरबाईंना विचारून आलो. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "या. तपासेन, फी घेईन. फक्त डोळ्यात बसवलेल्या लेन्सचं कार्ड आणि ऑपरेशनचे कागद हरवू नका. लोक सामानाच्या पावत्या जपतात आणि हे कार्ड हॉटेलात विसरतात." निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. एवढा उणा नंबर असलेल्यांनी ऑपरेशननंतर डोळ्यासमोर ठिणग्या किंवा पडदा दिसला तर त्याच दिवशी दाखवायचं, मग ते कुठेही असोत. ते मी तक्त्याखाली लाल पेनाने लिहिलं.

मग त्या परदेशातल्या दवाखान्याशी व्हिडिओवर बोलणं ठरलं. त्यांच्याकडे आमच्यासारख्यांशी बोलायला एक बाई होत्या. हसतमुख, आमची भाषा येणाऱ्या, मागे निळी भिंत. ताईने आधीच त्यांचा फॉर्म ऑफिसात जेवायच्या सुट्टीत फोनवरून भरून पाठवला होता.

"तुमच्यासाठी सर्जननी आमची सगळ्यात चांगली लेन्स सुचवली आहे," त्या आत्याला म्हणाल्या. "आयुष्यभराचा चष्मा जाणार. सकाळी उठलात की घड्याळ दिसेल, खिडकीबाहेरचं झाड दिसेल. चष्मा शोधायचाच नाही."

ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लहानपणी हरवलेला आईचा चष्मा शोधून देणं हे घरातलं तिचं ठरलेलं काम होतं.

आत्या म्हणाली, "लांबचं दिसेल. बरं. आणि जवळचं?"

"जवळचंही दिसेल. मोबाइल, पेपर, स्वयंपाक, सगळं."

"जवळचं म्हणजे किती?"

"साधारण चाळीस सेंटीमीटर."

आत्या उठली. सुईदोऱ्याच्या डब्यातून टेप आणला, पुन्हा खुर्चीत बसून एक टोक नाकाच्या शेंड्याला लावलं आणि दुसरं खाली सोडलं. चाळीसचा आकडा तिच्या मांडीच्या जरा वर आला.

"इथे मी कापड धरत नाही," ती म्हणाली. "इथे मी कापड पाडते आणि मग वाकून उचलते."

निळ्या भिंतीसमोरच्या बाई हसल्या, पण गोंधळल्यासारख्या. त्यांनी कागद चाळले. "पण फॉर्ममध्ये लिहिलंय की जवळच्या कामासाठी तुम्ही चष्मा वापरत नाही. आणि व्यवसायात 'घरी असते' असं आहे. त्यावरून सर्जननी ठरवलं की तुमचं जवळचं काम फारसं नाही."

"व्यवसायांच्या यादीत रफू नव्हतंच," ताई हळूच म्हणाली. "आणि मी तुला फोन करून विचारलं होतं, जवळचं बघायला चष्मा लागतो का. तू नाही म्हणालीस."

"नाही लागत," आत्या म्हणाली. "खरं तेच सांगितलं."

खरं तेच होतं. जवळच्या कामाला चष्मा लागत नाही, असं जगातली बहुतेक माणसं जवळचं काम नसतं म्हणून लिहितात. आत्याचं सगळं आयुष्य जवळच्या कामात गेलं आणि तिचंही उत्तर तेच आलं, कारण तिचा नंबर हेच तिचं हत्यार होतं. भिंगाचं गणित मी कॉलेजात शिकलोय. उणे सहाचा डोळा चष्म्याशिवाय सतरा सेंटीमीटरवर स्वच्छ बघतो, आणि वस्तू इतकी जवळ आणता येते म्हणून धागा आपल्याला चाळीसवर दिसतो त्याच्या दुपटीहून मोठा दिसतो. पाटीवरच्या दोन ओळींचं काम. तरी माझ्या सोळा रकान्यांत 'किती अंतरावर' हा रकाना नव्हता. आम्ही आत्याचा नंबर काढून टाकायला निघालो होतो आणि त्याचे नऊ महिने मोजणार होतो.

बाईंना पुन्हा फोन करतो म्हणून सांगितलं. मग आत्याच म्हणाली, "आधी कळायला नको का, नंबर गेला तर कसं दिसेल?"

ते कळण्यासारखं होतं. "आत्ताच्या चष्म्यातून लांबचं दिसतं ना? मग तो लावून रफू करून बघ. लांबच्यासाठी बसवलेल्या लेन्सने जवळचं साधारण तसंच दिसेल."

तिने चष्मा घातला, एक राखाडी पँट घेतली आणि सुई हातात धरली. पाच मिनिटं तिने कापड पुढेमागे केलं. मग पँट खाली ठेवली. "भोकच सापडत नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा होता, पण सुयांच्या उशीत सुई खोचताना ती दोनदा चुकून बोटाला लागली.

"भिंगाचा चष्मा मिळतो, आत्या. त्याने सतरावर आणता येईल."

"दिवसभर? तुझ्या मोजायच्या यंत्रावर दुसरं यंत्र बांधून तू काम करतोस का?"

करतो, पण नाइलाज असला तरच.

दुसऱ्या दिवशी कापड आणि सुई बरोबर घेऊन आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. नंबर तपासताना नाकावर चढवतात ती गोल, काचा बदलता येणारी फ्रेम चष्मेवाल्यांनी तासभर वापरायला दिली. "पण मधल्या नंबरांत करणार काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शोधायचंय की आत्याला कितीवर राहायला आवडेल. ते काउंटर सोडून आमच्यात येऊन बसले.

मी काचा बदलत गेलो. ऑपरेशननंतर उणे तीन नंबर ठेवला तर जसं दिसेल तसं आधी केलं. कापड तेहेतीस सेंटीमीटरवर गेलं. "इथे वीण दिसते, पण मोजता येत नाही," आत्या म्हणाली. उणे चार, पंचवीसवर. "लोकर होईल. रेशीम नाही." उणे सहा, सतरा, तिचं जुनं अंतर. ती खूश होईल असं मला वाटलं. तिने दोन टाके घातले आणि थांबली. "एक पाठी घे."

उणे पाच लावला. कापड वीस सेंटीमीटरवर आलं. तिने कोपर टेबलावर टेकवलं, मान सरळ केली आणि पुन्हा दोन टाके घातले. आणखी दोन घातले. चष्मेवाले आणि मी श्वास रोखून बघत होतो, जसं काही कुणी दोरीवरून चालतंय.

"सतरावर कोपर हवेत राहतं," ती म्हणाली. "चौतीस वर्षं मान दुखते ती म्हणून होय? मला वाटलं वय झालं."

"पहिल्या वर्षीपण दुखायची?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"पहिल्या वर्षीपण वयच झालेलं वाटायचं. घरात कमावणारी मी एकटीच होते."

तिने टेपने मोजायला लावलं आणि आकडा स्वतःच्या हाताने माझ्या वहीत लिहिला. वीस.

आता तक्ता नव्याने करावा लागला. डॉक्टरबाईंनी सांगितलं की नंबर मागू तितकाच येईल असं नाही, मोठ्या उण्या नंबरात थोडा इकडेतिकडे होतो. एक डोळा करून, तो दीड महिना स्थिरावू देऊन, त्यावरून दुसऱ्याची लेन्स ठरवली तर नेम जास्त बरोबर बसतो. "पण एक सांगा," त्या म्हणाल्या, "लोक माझ्याकडे चष्मा घालवायला येतात. तुम्ही ठेवायला आलात. रस्त्यावर जाड चष्मा राहणार, चालेल?"

"रस्त्यावर मला कोण पैसे देतंय?" आत्या म्हणाली.

म्हणजे सात रात्रींत दोन डोळे हे बाद झालं. परदेशी गेलं तर दोनदा जायचं. दोन वेळची तिकिटं आणि हॉटेल वाढलं, पण भारीतली चष्मा घालवणारी लेन्स नको होती, साधी पुरत होती, आणि ती बरीच स्वस्त. बेरीज साडेनऊ महिने आली. आत्याचे घरी बसलेले दिवस धरून साडेदहा. इथे साधी लेन्स घातली तरी सतरा. ताईने बेरीज तीनदा केली.

निळ्या भिंतीच्या बाईंनी सर्जननाच समोर बसवलं. मधे बोलायला त्या होत्याच. सर्जननी सगळं ऐकून घेतलं, आत्याला कापड धरून दाखवायला सांगितलं, आणि विचारलं, "तुम्ही कापड डावीकडे का धरता?"

आत्याला ते माहीतच नव्हतं. तिने कापड मधे धरून बघितलं, मग पुन्हा डावीकडे. "डावाच डोळा काम करतो माझा," ती चकित होऊन म्हणाली. "उजवा नुसता सोबतीला असतो."

"मग आधी कुठला करू या?"

ताई म्हणाली उजवा, त्यात मोतीबिंदू जास्त आहे. आत्याही उजवाच म्हणाली, पण तिचं कारण वेगळं होतं. "ज्या डोळ्यावर पोट चालतं, त्याच्यावर पहिला प्रयोग नको. नवीन कारागिराला मी आधी पँटचा आतला भाग देते."

हे वाक्य बाईंनी जसंच्या तसं पोचवलं की नाही माहीत नाही. सर्जन मात्र मोठ्याने हसले.

ताई तिच्याबरोबर गेली. आत्या आली ती डोळ्यावर लावायचं प्लास्टिकचं झाकण, थेंबांच्या तीन बाटल्या आणि लेन्सचं कार्ड घेऊन. ते कार्ड तिने ब्लाउजच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. ऑपरेशनबद्दल विचारलं तर म्हणाली, "वीस मिनिटं. मला वर नुसता उजेड आणि रंग दिसत होते. मी विचारत होते आता काय चाललंय, तर ते म्हणाले बाई, बोलू नका, डोकं हलतं." काळा आणि गडद निळा तिला पुन्हा वेगवेगळे दिसायला लागले होते. लॉन्ड्रीतले कितीतरी काळे म्हणून टांगलेले कपडे काळे नाहीत, हे तिने पहिल्याच दिवशी लॉन्ड्रीवाल्यांना ऐकवलं.

चष्मा न लावता उजवा डोळा तेवीस सेंटीमीटरवर स्थिरावला. मागितले होते वीस.

डॉक्टरबाई म्हणाल्या, छान आलंय, इतका फरक होतोच. पण आत्याने ते कुणाच्या सांगण्यावर सोडलं नाही. दीड महिना तिने त्या डोळ्याने काम केलं. सवय नव्हती, कापड सारखं डावीकडे पळायचं आणि ती ते पकडून उजवीकडे आणायची. लोकरी कोट झाले. सुती जमलं. एका बाईंच्या रेशमी दुपट्ट्याला मात्र तिने तिसऱ्या दिवशी हात जोडले आणि तो बाजूला ठेवला. प्रत्येक कामाच्या वेळी ती वहीत लिहायची: कापड कुठलं, तेवीसवर झालं की नाही, किती वेळ लागला. माझी वही तिने कधीच परत दिली नव्हती.

शेवटच्या आठवड्यात तिने मला बोलावलं आणि सर्जनना पत्र लिहायला सांगितलं. मी लॅपटॉप उघडला. तिने वही समोर ठेवली आणि ओळीने सांगत गेली. उजवा डोळा तेवीसवर आलाय. लोकर होते, सुती होतं, रेशीम होत नाही. डावा डोळा कामाचा आहे. त्याला एकोणीस हवेत.

"वीस ठरले होते ना?" मी विचारलं.

"वीस मागितले तर तेवीस आले. एकोणीस माग."

"तसं नसतं, आत्या. दरवेळी त्याच बाजूला चुकेल असं नाही. सोळावरही जाईल."

तिने विचार केला. खिडकीतून येणाऱ्या उजेडात हात धरून बोटांनी अंतर मोजलं, एकोणीस, मग सोळा. सोळावर तिचं कोपर टेबलावरून उचललं गेलं. तिने ते तसंच थोडा वेळ हवेत ठेवून बघितलं.

"सोळावर मान दुखेल," ती म्हणाली. "तेवीसवर काम जाईल. एकोणीसच लिही. आणि खाली लिही की चुकायचंच असलं तर अलीकडे चुका."

मी तसं लिहिलं, आणि हे सगळं तिच्या वहीतून उतरवलंय हेही. दोन दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या डोळ्याचे आकडे हाताशी असल्यामुळे या वेळी नेम जवळ बसेल, हमी नाही, पण अलीकडच्या बाजूला ठेवतो, असं सर्जननी लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं की ही वही येताना आणता येईल का.

डाव्या डोळ्यासाठी आत्याने पुढच्या महिन्याची अठरा तारीख कळवायला सांगितली. त्याआधी तिच्याकडे चार कोट होते, सगळे लोकरीचे.